रविना कुठे राहते

वाळू झुगरेच्या घरात उंच माणूस कधी राहिलाच नव्हता. बाप बुटका, आई त्याहून बुटकी, आणि बायको मंगळी तर वाळूच्या खांद्यालाही लागत नसे. बापानं घर बांधलं तेव्हा दार ठेवलं ते त्याच मापाचं. बाहेरचा कोणी आला की वाकून आत यायचा. सिद्धगडाच्या पायथ्याला उंबराची वाडी म्हणून पंधरा-वीस घरं आहेत, तिथली सगळीच दारं तशी. वाडीतल्या माणसांना आपलं दार ठेंगणं आहे हे कधी जाणवलंही नव्हतं.

मंगळी गेली त्याला बारा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या घरात थोरला भाऊ महादू, त्याची बायको, त्यांची पोरं. वाळू जेवायला तिकडे, झोपायला इकडे, असं चाललं होतं. भाताचा एक तुकडा होता तो लावायचा, बाकी वर्षभर जंगल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला रानवेलीचे कंद, करांदे, खणायचे, मग आवळे, मध, उन्हाळ्यात करवंदं. पाटी भरली की धसईच्या बाजारात जाऊन बसायचं. बोलणं कमी. गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगायचा, नाही विचारलं तर नुसता बसायचा.

पौषात म्हसा गावची जत्रा भरते, तिथे तो दोन बाटल्या मध घेऊन बसला होता. एक बाई आली. सोबत बारकी नावाची तिची बहीण. बाईनं बाटली उन्हात धरली, हलवली, आणि म्हणाली, "यात गूळ हाय."

"बोट घालून चाटून बघ," वाळू म्हणाला.

तिनं चाटून पाहिलं. "हाय गूळ."

"मंग नको घेऊ."

"घेते. पन गूळ हाय," असं म्हणून ती बाटली घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, एकटीच. वाळूला वाटलं, आता भांडण. ती म्हणाली, "गूळ नव्हता रे. पानी टाकून बघितला मी. चांगला हाय मध." एवढंच सांगायला ती घोंगड्यांच्या आणि बैलांच्या गर्दीतून वाट काढत आली होती. वाळूनं दुसरी बाटली पुढे केली. तिनं घेतली नाही, पण शेजारी बसली.

तिचं नाव सावळी. तानसाच्या बाजूला शहापूर तालुक्यात तिची वाडी. नवरा भगीरथ मेंगाळ चार वर्षांपूर्वी तापानं गेला होता. ती लोकांच्या शेतावर जायची आणि एक मुलगी वाढवायची. जत्रा संपायच्या आत दोघांचं ठरल्यासारखं झालं, आणि वैशाखात पाट लागला. त्याआधी सावळीनं एकच गोष्ट दोनदा सांगितली होती.

"मला पोर हाय. आठवी झालीय तिची. ती माज्याबरोबर येनार."

"येऊ दे."

"उंच हाय ती."

उंच असली तर काय झालं, हे वाळूला कळलं नाही.

रविना आली त्याच दिवशी कळलं. जीपच्या रस्त्यावरून डोक्यावर ट्रंक घेऊन ती चढण चढून आली. पंधरा वर्षांची पोर, पण वाडीतल्या सगळ्या बाप्यांपेक्षा वीतभर उंच. पायात निळे बूट, एकाचा सोल सुटलेला. ट्रंक खाली ठेवून ती घरात शिरली आणि चौकटीला कपाळ धाडकन आपटलं. कपाळ चोळत ती आत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलं, तिसऱ्या दिवशी पाण्याचा हंडा घेऊन येताना लागलं आणि अर्धा हंडा अंगावर सांडला. तेव्हाही ती रडली नाही. फक्त आईकडे बघून म्हणाली, "आपल्या घरी असं नव्हतं."

वाळू पडवीत बसून दोरी वळत होता. त्यानं ते ऐकलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं चौकट काढायला घेतली. दार उंच करणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. कुडाची भिंत वर कापता येत होती, पण पुढे पडवीचं छप्पर उतरतं होतं, ते दारासमोर आडवं येई. म्हणजे पडवीचे दोन खांब बदलायचे, कौलं उतरवायची, पुन्हा चढवायची. महादू येऊन बघत उभा राहिला.

"येका पोरीसाठी घर उचलतोस काय रे?"

"तिचं कपाळ फुटतंय."

"शिकंल वाकायला. आपन नाय वाकत?"

"आपन नाय वाकत," वाळू म्हणाला. "आपन हायेच बुटके."

महादू हसला आणि बाही सावरून खांब धरायला आला. काम पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी रविना ताठ आत गेली, ताठ बाहेर आली, पुन्हा आत गेली. मग तिनं वाळूला विचारलं, "काका, चहा ठेवू?" तोवर ती त्याला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हती. काका हेच पुढे राहिलं, आणि वाळूला त्यात काही कमी वाटलं नाही.

जूनमध्ये तिचं नाव कुंभाळ्याच्या शाळेत घातलं. वाडीपासून तासभर चालत. सावळीनं तानसाकडच्या शाळेतून दाखला आणला होता, तो देऊन नववीत प्रवेश झाला. कुंभाळ्याच्या शाळेला मैदान म्हणजे एक सपाट माळ आणि त्याच्या दोन टोकांना वेल्डिंग करून उभ्या केलेल्या दोन लोखंडी रिंगा. त्या रिंगा हेतल भोईर बाईंनी लावून घेतल्या होत्या. हेतलबाई भिवंडीकडच्या, वय अठ्ठावीस, कल्याणला कॉलेजात बास्केटबॉल खेळलेल्या, आणि खेळाच्या शिक्षिका म्हणून दोन वर्षांपूर्वी कुंभाळ्याला आलेल्या. दोन वर्षांत त्यांनी मुलींचा संघ उभा केला होता. तो संघ एकही सामना जिंकला नव्हता.

पहिल्या आठवड्यात मैदानावरून एक चेंडू घरंगळत रविनाच्या पायाशी आला. तिनं तो उचलला, दोन टप्पे मारले, आणि होती तिथूनच रिंगेत टाकला. हेतलबाईंची शिटी तोंडातच राहिली.

"तू खेळतेस?"

"तिकडे खेळायचे."

"कुठे तिकडे?"

रविनानं शाळेचं नाव सांगितलं. गेल्या वर्षी मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांच्या शाळांमध्ये मुलींचा पहिला नंबर काढलेली ती शाळा. हेतलबाईंनी त्या रात्री घरी फोन करून आईला ही बातमी सांगितली म्हणतात.

ऑगस्टमध्ये कुंभाळ्याच्या पोरींनी ओळीनं दोन सामने जिंकले. वाडीत कोणाला बास्केटबॉल म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. वाळूला एवढंच कळायचं की सामना असला की रविना घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाते आणि आईशी बडबडते. घरात इतकं बोलणं पूर्वी कधीच झालं नव्हतं. तो कोपऱ्यात बसून ऐकायचा. कोणी कुणाला पास दिला, कोणाचा पाय घसरला, कोणाला फाऊल मिळाला. निम्मं समजायचं नाही. पण ऐकत बसावंसं वाटायचं.

सप्टेंबरात हरकत आली.

या स्पर्धा भरवायला दोन्ही तालुक्यांतल्या शाळांनी मिळून एक समिती केली होती. तिचा नियम असा, की गेल्या वर्षी ज्या शाळेकडून खेळाडू खेळला ती शाळा सोडून तो दुसरीकडे आला, तर त्याला एक वर्ष खेळता येणार नाही. चांगल्या खेळाडूंची पळवापळवी होऊ नये म्हणून. सूट एकालाच, ज्याच्या घरच्यांनी खरोखर बिऱ्हाड हलवलं असेल त्याला. तानसाकडच्या शाळेचे खेळाचे सर, देसले सर, यांनी लेखी दिलं होतं की रविना भगीरथ मेंगाळ हिचं घर अजून शहापूर तालुक्यातच आहे, आधार कार्डावर तोच पत्ता आहे, आणि कुंभाळ्याच्या शाळेनं तिला आमिष दाखवून नेलं आहे.

हेतलबाई स्वतः वाडीवर आल्या आणि कागद वाचून दाखवला. सावळी भडकली. "आमिष? म्हंजे काय? पोर काय मासा हाय?"

रविना आपल्या बुटांकडे बघत होती. देसले सरांनीच तिला पाचवीत पहिल्यांदा चेंडू हातात दिला होता. ते निळे बूटही त्यांनीच आणून दिले होते.

कुंभाळ्याच्या शाळेतला क्लार्क रितेश मदतीला तयार होता. तो म्हणाला, "वाळूकाका, सोपं करू या. तुमीच पोरीचे वडील असं प्रतिज्ञापत्र करू. नावामागं तुमचं नाव लावू. मंग तुमचा पत्ता तो तिचा पत्ता. कोण विचारतंय?"

वाळू म्हणाला, "नाय."

"का पन?"

"तिचा बाप भगीरथ. तो मेला म्हनून त्याचं नाव मी का घेऊ? तिच्याजवळ त्याचं तेवढंच हाय."

"मग खेळता नाय येनार तिला."

"खरं काय हाय ते सांगू. पोर इथं राहते. रोज राहते. हे सांगायला बापाचं नाव कशाला बदलायचं?"

रितेशनं खांदे उडवले. सावळी चुलीपुढे होती. तिनं मान वर केली नाही, पण त्या दिवशी वाळूच्या ताटात तिनं सुकटीची चटणी इतकी वाढली की त्याला संपवता येईना.

सुनावणी मुरबाडला होती, एका सभागृहातल्या मागच्या खोलीत. वाळूनं धुतलेला सदरा घातला, सावळीनं ठेवणीतली साडी नेसली. टेबलामागे समितीची तीन माणसं. मधे भावना घरत बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला. एका बाजूला देसले सर, उंचेपुरे, पन्नाशीचे. दुसऱ्या बाजूला हेतलबाई आणि ही तिघं.

भावनाबाईंनी आधी देसले सरांना बोलू दिलं. सर म्हणाले, "चार वर्षं मी या मुलीला घडवलं. सकाळी सहाला मैदानावर यायची. यंदा हिच्यावर संघ उभा करायचा होता. आणि जूनमध्ये एक दाखला नेला की संपलं? मला एक शब्द नाही कोणाचा. तिची मावशी बारकी आमच्याच गावाजवळ राहते. ही तिच्याकडे राहून शिकू शकते. आजही या, मी पुन्हा प्रवेश करून देतो."

मावशीकडची गोष्ट वाळूला नवीन होती. त्यानं सावळीकडे बघितलं. सावळीनं रविनाकडे. रविना पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती. पोर परत जाऊ शकते, हा विचार त्याच्या मनाला शिवलाच नव्हता.

भावनाबाईंनी विचारलं, "पालक कोण?"

"मी आई," सावळी म्हणाली.

"आणि तुम्ही?"

वाळू उभा राहिला. "मी वाळू. हिच्याशी पाट लावलाय वैशाखात. पोर आमच्याकडे राहते."

"म्हणजे सावत्र वडील."

"पोर काका म्हनते. तसंच लिवा."

एका सदस्यानं विचारलं, "काही पुरावा? रेशन कार्ड, रहिवासी दाखला?"

"रेशन कार्डावर नावं घालायला दिलीत. अजून आली नायत," वाळू म्हणाला. "ग्रामसेवक रजेवर हाय."

देसले सर हलकेच हसले. भावनाबाईंनी चष्मा काढला आणि रविनाला जवळ बोलावलं.

"बाळ, तुला कुठल्या शाळेकडून खेळायचंय? खरं सांग. इथे कोणी रागावणार नाही."

रविना म्हणाली, "तिकडच्या पोरी माझ्या मैत्रिणी आहेत. रंगूची आठवण येते मला. सरांची पण येते."

हेतलबाईंनी डोळे मिटले. देसले सरांची मान खाली गेली.

"पण आई इथं राहते," रविना पुढे म्हणाली. "मी मावशीकडे राहिले तर आई मला कधी दिसणार? आणि मला इथं बरं वाटतंय. म्हणजे आधी नव्हतं वाटत. आता वाटतंय."

भावनाबाईंनी कागदावर काही लिहिलं आणि म्हणाल्या, "हिच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे. पण उद्या कोणीही येऊन असंच सांगेल, म्हणून आम्हाला डोळ्यांनी बघावं लागेल. मी स्वतः घर बघायला येते. देसले सर, तुम्हीही चला. तुमची शंका तुमच्यासमोरच मिटू दे, नाहीतर खरी ठरू दे. तोवर मुलगी खेळणार नाही."

परत येताना एसटीत वाळू खिडकीशी बसला होता. धसई जवळ आल्यावर तो रविनाला म्हणाला, "तुला तिकडं जायचं असंल तर जा. मी सोडायला येईन. तुज्या आईला पन आनत जाईन भेटायला."

रविना म्हणाली, "काका, मी आत्ता काय सांगितलं तिथं? ऐकत नव्हता काय तुमी?"

"ऐकत होतो."

"मग?"

बसमधून उतरताना वाळूनं तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि चढणीवर तो एरवीपेक्षा भरभर चालत होता.

पुढचा सामना रविनाशिवाय झाला. कुंभाळ्याच्या पोरी तो एका गुणानं कशाबशा जिंकल्या. रविना बाजूला बसून ओरडत होती, घसा बसला तिचा.

भावनाबाई आणि देसले सर आले ते भात पिकल्यावर. हेतलबाईही सोबत होत्या. जीप थांबते तिथून अर्धा तास चढण. भावनाबाई मधे दोनदा दगडावर बसल्या, पण परत फिरायचं नाव काढलं नाही. खाचरं पिवळी झाली होती, आणि सावळी नि रविना दोघी कापणीला खाली गेल्या होत्या. घरी वाळू एकटाच. त्याची धांदल उडाली. पाणी दिलं, घोंगडी अंथरली, आणि पुढे काय करायचं ते न कळून तो खांबाला टेकून उभा राहिला.

भावनाबाईंनी घर पाहिलं. रविनाचं दप्तर, खुंटीवर शाळेचे कपडे, कोपऱ्यात ट्रंक. देसले सरही आत जाऊन आले, मागच्या दारी डोकावले, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. भिंतीला टेकवलेले निळे बूट त्यांना दिसले. सोल दोऱ्यानं शिवलेला होता. ते तिथे क्षणभर थांबले. पण बाहेर येऊन म्हणाले तेच, जे म्हणायला ते आले होते.

"बाई, दप्तर आणि कपडे आदल्या दिवशी आणूनही ठेवता येतात. मी कोणावर आरोप करत नाही. पण यावरून मुलगी जूनपासून इथे राहते असं सिद्ध होत नाही."

भावनाबाई म्हणाल्या, "तेही खरंच."

वाळूच्या घरात दूध नव्हतं, म्हणून शेजारून महादूनं हाक मारली, "गुरुजी, बाई, चहा आमच्याकडं घ्या." सगळे शेजारच्या घराकडे निघाले. भावनाबाई पुढे, त्यांच्या मागे हेतलबाई, दोघी वाकून आत गेल्या. देसले सर बोलतच होते, नियमाबद्दलच काहीतरी, आणि बोलता बोलता महादूच्या चौकटीला त्यांचं कपाळ असं आपटलं की वरून माती सांडली.

महादूची बायको तांब्या घेऊन धावली. सर ओट्यावर बसले, डोळ्यांतून पाणी आलं होतं. महादू हात जोडून म्हणाला, "गुरुजी, माफ करा. आमची दारं अशीच. सगळ्या वाडीत अशीच हायेत."

सरांनी ओला रुमाल कपाळाला लावला. मग त्यांनी रुमाल खाली घेतला आणि वाळूच्या घराकडे बघितलं.

"तिथे का नाही लागलं मला?" ते म्हणाले. "मी दोनदा आत-बाहेर केलं."

सर उठले. सरळ वाळूच्या दारापाशी गेले आणि चौकटीखाली ताठ उभे राहिले. वर चार बोटं जागा होती. त्यांनी चौकटीची वरची पट्टी बघितली, कुडाचा वर कापलेला भाग बघितला. सारवलेली माती पावसाळ्याच्या ओलीनं काळवंडली होती. पट्टीच्या कोपऱ्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, तेही सुकून फुटून गेलं होतं. पडवीचे दोन खांब इतर खांबांपेक्षा नवे होते.

"हे दार कधी वर घेतलं?" त्यांनी विचारलं.

"वैशाखात. पाऊस पडायच्या आदी," वाळू म्हणाला.

"का?"

वाळूला प्रश्न चमत्कारिक वाटला. "पोरीला लागायचं," तो म्हणाला. "तुमाला लागलं तसंच."

महादूनं लगेच सांगून टाकलं, "पाच दिस कौलं उतरवली-चढवली आमी. मी त्याला सांगत होतो, शिकंल वाकायला. ऐकला नाय."

भावनाबाई ओट्यावरून हे बघत होत्या. सर पडवीत खांबाला धरून उभे होते. मग ते वाळूच्या जवळ आले.

"मी तिला चार वर्षं चेंडूकडे बघायला शिकवलं, तुम्ही तिच्या कपाळाकडे बघितलंत," ते म्हणाले. "बाई, मी हरकत मागे घेतो. आत्ताच लिहून देतो."

"चहा पिऊन लिहा," भावनाबाई म्हणाल्या. "आणि डोक्याला थोडी हळद लावा."

रविना आणि सावळी खाचरातून वर आल्या तेव्हा सर महादूच्या ओट्यावर बसून कागदावर लिहीत होते, कपाळावर हळदीचा पिवळा लेप. रविनाला हसू आवरेना. सरांनाही मग हसू आलं.

"हसतेस काय, मूर्ख मुली," ते म्हणाले. "एक शब्द तरी सांगून जायचास. मी काय तुला अडवलं असतं?"

रविना म्हणाली, "अडवलं असतं सर."

"हो," सरांनी कबूल केलं. "अडवलं असतं."

दिवाळीनंतर शेवटचा सामना मुरबाडला झाला. कुंभाळे विरुद्ध तानसाकडची शाळा. वाळू, सावळी, महादू, महादूची बायको आणि वाडीतली आणखी आठ-दहा माणसं जीप भरून आली. वाळूनं बास्केटबॉल पहिल्यांदाच पाहिला. सुरुवातीला त्याला वाटलं, सगळे जण रविनावर ओरडतायत. शिटी वाजली की त्याचा जीव दचकायचा, पोरीनं काही चूक केली की काय म्हणून. हळूहळू ध्यानात येऊ लागलं. चेंडू रिंगेवर आपटून वर उडाला की खाली दहा हात उठायचे, आणि त्या दहा हातांच्या वर एकच हात दिसायचा. तो रविनाचा.

"ती बघ," महादू दर वेळी ओरडायचा, जणू वाळूला दिसतच नव्हतं.

कुंभाळ्याच्या पोरी सात गुणांनी हरल्या. समोरचा संघ फार तयारीचा होता, आणि रविना एकटी किती धावणार? शेवटची शिटी झाली तशी रंगू, समोरच्या संघातली जाड वेणीची मुलगी, धावत आली आणि रविनाच्या गळ्यात पडली. दोघी मैदानाच्या मधोमध उभ्या राहून इतकं बोलत होत्या की पंचांना त्यांना बाजूला व्हायला सांगावं लागलं. हेतलबाई हरूनही खूश होत्या. दोन वर्षं एकही सामना न जिंकलेला संघ शेवटच्या सामन्यापर्यंत आला होता.

मग भावनाबाईंनी माईकवर नावं वाचली. पुढच्या फेरीला दोन्ही तालुक्यांचा मिळून एक संघ जाणार होता, सगळ्या शाळांतल्या निवडक मुलींचा. पहिलं नाव रंगूचं होतं. दुसरं रविना भगीरथ मेंगाळ. संघाला शिकवायला देसले सर आणि हेतलबाई, दोघंही.

नाव पुकारलं तेव्हा सावळीनं पदर डोळ्यांना लावला. भगीरथचं नाव एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच कुणी घेतलं होतं. वाळूनं तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला दोन्ही हात मोकळे मिळावे म्हणून.

सराव मुरबाडला रोज संध्याकाळी होता. तानसाहून रोज येणं-जाणं रंगूला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ती आठ दिवस उंबराच्या वाडीतच राहिली. ती काही उंच नव्हती, पण बोलायला इतकी की महादूची बायको खास तिला ऐकायला यायची. दोघी मुली सकाळी वाळूबरोबर जंगलात जायच्या. करांदे कुठे असतात, वेलीच्या कोणत्या बाजूनं खणायचं, हे तो दाखवायचा. रंगू विचारायची, "काका, हे काय? काका, ते काय?" आणि वाळू उत्तर द्यायचा. आठ दिवसांत तो जेवढं बोलला तेवढं मागच्या बारा वर्षांत बोलला नसेल, असं महादूचं म्हणणं होतं.

त्या आठवड्यात वाळू धसईच्या बाजाराला गेला नाही. जे करांदे खणले ते घरातच उकडले, मीठ लावून पोरींनी खाल्ले, उरले ते सरावाला नेले. देसले सरांना फार आवडले म्हणे. त्यांनी निरोप पाठवला, वाळूभाऊंना सांगा, उद्या थोडे जास्त द्या.

सावळीनं निरोप ऐकला आणि म्हणाली, "जा मंग. काय बसलास?"

वाळू कुदळ घेऊन उठला.